तांब्यावरचा क्षार

माझी सगळी नोकरी समुद्रातले प्राणी शिकवण्यात गेली आणि समुद्र मी पाहिला तो सहलीपुरता. भुसावळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्याच्या नशिबी हेच येतं. तापीत मिळतात ते मासे, शिंपले, जळवा. बाकी तारामासा, समुद्रकाकडी, जेलीफिश, सगळं बरणीतलं. बरण्या पुरवठादाराकडून यायच्या. आतल्या जनावराचा मूळ रंग फॉर्मेलिननं केव्हाच खाऊन टाकलेला असायचा, त्यामुळे आमच्या म्युझियममधली सगळी समुद्रसंपत्ती एकाच रंगाची होती, बरीच वर्षं वापरलेल्या पंच्याच्या. मुलं विचारायची, "सर, हे खरंच असं दिसतं?" मी म्हणायचो, नाही दिसत. मग कसं दिसतं ते पुस्तकात वाचलेलं सांगायचो. अशीच तीन पिढ्यांना मी समुद्राची गोडी लावली.

आमच्या धंद्याचं मूळ काम म्हणजे ओळखणं. बाहेरच्यांना प्राणिशास्त्र म्हणजे बेडूक कापणं वाटतं, पण कापणं दुय्यम. प्रात्यक्षिक परीक्षेत 'स्पॉटिंग' नावाचा प्रकार असतो. लांब टेबलावर बरण्या आणि स्लाइड मांडायच्या, प्रत्येकीसमोर नंबर. घंटा वाजली की मुलानं पुढच्या बरणीकडे सरकायचं. कागदावर दोनच गोष्टी लिहायच्या: हे काय आहे ते ओळखा, आणि त्यावर टिप्पणी लिहा. नाव चुकलं तर खालची टिप्पणी कितीही सुंदर असो, मी वाचत नसे. नाव बरोबर पण अक्षर चुकलं तर अर्धा गुण कापायचो. जगात लाखो जीव आहेत, एका अक्षरानं माणूस भलत्याच्या दारात जाऊन उभा राहतो, असं मी वर्गात बजावायचो. यावरून मुलांनी माझं जे नाव ठेवलं होतं ते मला माहीत आहे. दिवाळी अंक घरोघर जातो, म्हणून इथे लिहीत नाही.

कॉलेजात एक सर वाट्टेल ते ओळखून देतात, ही बातमी तालुक्यात पसरायला वेळ लागला नाही. मग बाहेरची गिऱ्हाइकं सुरू झाली. कीटकनाशकाच्या बाटलीत कोंबलेला साप यायचा. आणणारा छातीठोकपणे मण्यार म्हणायचा, आणि निघायचा बिचारा बिनविषारी कवड्या. बोदवडचे एक भाऊ बैलाच्या पोटातून निघालेला गुळगुळीत तपकिरी गोळा रुमालात बांधून घेऊन आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हा मणी आहे आणि घरात ठेवला की बरकत येते. बैल स्वतःचं अंग चाटतो, केस पोटात जातात, त्यांचा असा गोळा होतो, हे मी त्यांना समजावलं. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, जरा नीट बघा ना."

सावद्याचे एक आबा तर केळीचा कंदच घेऊन आले होते. आत सोंडकिडा. मी नाव सांगितलं. आबांनी विचारलं, "दुसरं काही नाव निघतं का याचं?" मी म्हटलं, आबा, नाव बदललं म्हणून तो बाग खायचा थांबणार आहे का? तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

पण या लोकांनी मला एक गोष्ट शिकवली. ओळखून घ्यायला येणारा माणूस नाव ऐकायला येत नाही. एक नाव मनात धरून तो आलेला असतो आणि तेच आपण उच्चारावं एवढीच त्याची अपेक्षा असते. हे कळूनही मी कधी कोणाला त्याच्या मनातलं नाव दिलं नाही. याचा मला अभिमान होता. आता तो पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि का राहिला नाही तेच लिहायला बसलो आहे.

निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मे महिना. कॉलेजला सुट्टी, विभागात मी आणि कूलर. भुसावळचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला कूलर काय चीज आहे ते कळायचं नाही. तो मात्र दर हंगामात दम तोडतो, कारण आमच्याकडचं बोअरचं पाणी. त्यात इतका क्षार की कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो, नळाची तोटी मिटते, गिझर जळतो, बादल्या कडेनं पांढऱ्या होतात. चिंच किंवा लिंबू चोळलं की फसफसून निघतो, आठवड्यात पुन्हा येतो. क्षाराशी भांडण ही इथल्या घराघरातल्या बाईची रोजची लढाई आहे. पुढे जे झालं ते समजायला एवढं माहीत असलं पाहिजे.

त्या दुपारी दीपनगरहून तायडे पती-पत्नी आले. सुखदेवनाना वीज केंद्रातून निवृत्त झालेले. मी एकदा त्यांच्या कॉलनीत बुद्धविहाराच्या सभागृहात सापांवर बोललो होतो, तेव्हाची ओळख. त्यांच्या पत्नीला कॉलनी अक्का म्हणते, मीही तेच म्हटलं. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. इतकी वर्षं भुसावळच्या बाजूला काढूनही त्यांची अहिराणी तसूभर हलली नव्हती. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. नानांनी ते घेण्यासाठी हात पुढे केला तर त्यांनी दिलं नाही. स्वतःच टेबलावर ठेवलं आणि टॉवेल उलगडला.

स्टीलचा फिरकीचा तांब्या होता. प्रवासात नेतात तो, वर पेच असलेलं झाकण बसतं तसला. झाकण गेलेलं. गळ्यापासून पोटापर्यंत एका बाजूला पांढऱ्या कशाचा तरी मुठीएवढा गुंता चढलेला, तोंडातून आतही उतरलेला. उरलेल्या स्टीलवर पातळ पांढरे पापुद्रे.

"हाऊ मन्हा सुमेदना तांब्या शे," अक्का म्हणाल्या. "आनि हाऊ त्यावर क्षार शे. हाई तुम्ही तपासा आनि सांगा."

बाकीचं नानांनी सांगितलं. सुमेध त्यांचा एकुलता मुलगा. आयटीआय करून वेल्डर झाला आणि समुद्रात काम करणाऱ्या एका बार्जवर लागला. एका पावसाळ्याच्या तोंडावर वादळात ते बार्ज उलटलं. काही जण वाचले, काहींचे देह मिळाले. सुमेध दोन्हींत नव्हता. त्यानंतर तीन पावसाळे गेले होते. कंपनीनं त्याला मृत धरलं, सरकारचे कागद झाले, नातेवाइकांनी गेलेल्याच्या नावानं करायच्या पुण्यानुमोदनाचा विषय काढून पाहिला. अक्कांनी तो काढणाऱ्याला घरात पाणीही दिलं नाही. देह नाही तर पुण्यानुमोदन कोणाचं करता, असं त्यांचं म्हणणं.

आणि आता हा तांब्या आला होता. किनाऱ्यावरच्या एका गावात दीपनगरचाच एक मुलगा फिटर आहे. तो पाइप शोधायला भंगारवाल्याकडे गेला, तर ढिगात एका तांब्यावर त्याला 'दीपनगर' हा शब्द दिसला. भंगारवाला म्हणाला, कुठून आला कोण जाणे, भंगाराला आम्ही गाव विचारत नाही. मुलानं तांब्या उचलला आणि सुट्टीवर येताना घेऊन आला.

"म्हणजे तो भंगारात विकला गेला," नाना सावकाश म्हणाले. "कोणी विकला, ते माहीत नाही."

अक्कांना माहीत होतं. त्यांचा हिशेब सरळ होता. आमच्या घरच्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, भांड्यांना लागतो तसाच हा क्षार. तो लागायला बोअरचं पाणी लागतं, आणि रोजचा वापर. म्हणजे हा तांब्या समुद्रात पडलाच नाही. कुठल्यातरी गावात, जिथे आपल्यासारखंच पाणी आहे, तिथे कोणीतरी तीन वर्षं यातून पाणी पितो आहे. डोक्याला मार लागला असेल, विसरला असेल, अडचणीत असेल. पण पाणी पितो आहे.

"पानी पेस म्हनजे जित्ता शे," त्या म्हणाल्या.

वीज केंद्रात नानांच्या ओळखीच्या एका केमिस्टनं कण काढून तपासला होता. कॅल्शियम कार्बोनेट. ते ऐकून अक्कांची खात्रीच झाली, कारण क्षारही तोच.

मी तांब्याजवळ वाकलो. गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात मशीननं टाकून देतात तसं. पांढऱ्या गुंत्याच्या उजवीकडे फक्त 'तायडे, दीपनगर' एवढं वाचता येत होतं. सुरुवातीचं नाव गुंत्याखाली गेलेलं.

"नाव तर दिसत नाही," मी म्हटलं. "तुमचाच कशावरून?"

तेव्हा नाना हसले. त्या दुपारी ते एकदाच हसले. तांब्या अक्कांनीच भुसावळातून आणला होता. दुकानातल्या पोरानं विचारलं, काय नाव टाकायचं? अक्का म्हणाल्या, सुमेद. खानदेशात दुधाला दूद म्हणतात तसंच सुमेधला सुमेद. त्या पोरानं ऐकलं तसं कोरलं. घरी आल्यावर सुमेधनं वाचलं आणि आईला छळ छळ छळलं. आई, तू तर माझं नावच बदललंस, आता आधार कार्डही बदलावं लागेल. बार्जवर जाताना घरात दुसरे चांगले तांबे असून तोच घेऊन गेला.

"मग खरवडून नाव का नाही पाहिलं?"

"हिनं हात लावू दिला नाही."

"क्षार काढा तं पुरावा कोठे राहीन?" अक्का म्हणाल्या. आणि ते बरोबरच होतं.

खरं सांगायचं तर लांबूनच मला शंका आली होती. सहलीत एकदा खडकाच्या कपारीत असला गुंता मी पाहिला होता. पण शंका म्हणजे ओळख नव्हे, असं मी मुलांना शिकवत आलो. आणि त्या दुपारी, का कोण जाणे, मला वेळही हवा होता. म्हणून मी सौम्य आम्लाचा एक थेंब गुंत्याच्या कडेला सोडला. तो फसफसला.

"देखा!" अक्का म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. मला माहीत होतं की जे मी मनात धरलं होतं तेही असंच फसफसतं. चुना तो चुनाच, बोअरनं घातलेला असो की किड्यानं.

मग भिंग लावलं. क्षार थरावर थर बसतो, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा, त्याला छिद्रं नसतात. इथे थर नव्हते. केसाएवढ्या बारीक नळ्या होत्या, शेकडो, एकमेकींत गुंतलेल्या, फांद्या फुटल्यासारख्या, आणि प्रत्येकीला गोल उघडं तोंड. असल्या नळ्या बांधणारे समुद्री किडे असतात. गांडुळाचेच दूरचे भाऊबंद, पण जन्मभर एका जागी बसणारे. ते अंगातून चुना काढून स्वतःभोवती नळी बांधतात, तोंडापाशी पिसांचा झुबका उघडतात आणि पाण्यातून वाहत येईल ते खातात. काही एकटे राहतात. काही वसाहत करतात. त्यातला एक फिलोग्राना. हा किडा मधोमध तुटतो आणि एकाचे दोन होतात. दुसरा दूर जात नाही, पहिल्याच्या नळीला लागून आपली नळी काढतो. त्यालाही पुढे तसाच दुसरा. अशी घराला घर लागून वस्ती वाढते आणि हा गुंता होतो.

पण हुबेहूब असाच गुंता करणारी त्याची एक चुलत बहीण आहे, साल्मासिना. दोघांत फरक एवढाच की फिलोग्रानाच्या झुबक्यातल्या टोकाला चमच्यासारखं इवलं झाकण असतं, हिला नसतं. अक्कांच्या प्रश्नाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दोघंही समुद्रातलेच. तरी मी तो फरक शोधायला बसलो. सवय. एक तुकडा काढला आणि वाळलेलं जनावर मऊ करणाऱ्या द्रावणात टाकून ठेवला.

त्याला वेळ लागतो. मी चहा करून आणला. नाना चहा प्यायले. अक्कांनी घेतला नाही, तांब्याजवळच बसून राहिल्या. कूलरकडे बघून म्हणाल्या, "तुमना कूलरले बी क्षार लाग्या." मी म्हटलं, हो अक्का, सगळीकडेच लागतो. मग त्या सुमेधबद्दल बोलल्या. त्याला पाणी फार लागायचं. शाळेतून आला की दप्तर खांद्यावर ठेवूनच माठाशी जायचा. समुद्रावर चारीकडे पाणी आणि प्यायला मोजून मिळतं, असं त्यानं पहिल्या सुट्टीत सांगितलं, म्हणून तर हा मोठा तांब्या घेऊन दिला.

नळ्या मऊ झाल्या. मी सुईनं एक फोडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आत आक्रसलेला धाग्याएवढा जीव, पुढे झुबक्याचे तुकडे. एक पाहिला, दोन पाहिले, काही नाही. मग एकाच्या टोकाला पारदर्शक इवला चमचा दिसला. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. एवढी वर्षं फक्त चित्र काढून दाखवलेली वस्तू माझ्यासमोर होती, आणि ती मी स्वतः ओळखली होती.

"मिळालं!" मी ओरडलो.

अक्का ताडकन उभ्या राहिल्या. "कोठे?" त्यांनी विचारलं.

त्या एका शब्दाचं मला पुढे कितीतरी दिवस काही करता आलं नाही. मी डोळा भिंगाला लावूनच बसलो. मान वर केली तेव्हा नाना माझ्याकडे बघत होते. मग मी सगळं सांगितलं. हा क्षार नाही अक्का. हे किड्यांनी बांधलेलं आहे. हे किडे खाऱ्या पाण्यातच राहतात, गोड्या पाण्यात एक दिवस काढत नाहीत. आणि एवढी वस्ती व्हायला तांब्या खूप महिने समुद्रात एका जागी पडून असला पाहिजे. मग कोणाच्या तरी जाळ्यात येऊन भंगारात गेला असेल.

"नीट देखा सर."

बोदवडचे भाऊ म्हणाले होते तेच शब्द. मी म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांना स्टुलावर बसवलं. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला बहुधा स्वतःच्या पापण्याच दिसतात. त्यांना मात्र दिसलं. मग हळूच म्हणाल्या, "हाई तं कुरडई शे."

खरंच तसंच होतं. चीक सोऱ्यातून पिळून गोल गोल घातलेली कुरडई. अक्का दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालणाऱ्या. दोऱ्यासारखी नळी आपोआप होत नाही, कोणीतरी पिळावी लागते, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"हाई कोनीतरी करेल शे," त्या म्हणाल्या. "क्षार असा नही ऱ्हास."

मला वाटलं संपलं. पण त्यांनी टॉवेल उचलला आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "मंग हाऊ आमना तांब्या नहीच."

त्यांनी टॉवेलाची घडी घातली.

"दीपनगरमा तायडे काय आम्हीच एकला शेतस का? चार सुमेद शेतस कॉलनीमा. चारी पोरे कामाले बाहेरगाव शेतस. कोनाबी तांब्या व्हई."

आता त्यांना तांब्या आपला नको होता. तासाभरापूर्वी टॉवेलात गुंडाळून, नवऱ्याच्या हातातही न देता आणला होता तो. मी हसलो नाही. आबांनी केळीच्या किड्याला दुसरं नाव मागितलं होतं, त्यात आणि यात काय फरक होता?

"नाव बघू," नाना म्हणाले.

नाव बघायचं तर गुंता विरघळवावा लागणार होता. अक्कांनी होकारार्थी मान हलवली. मी आम्लाचा ड्रॉपर घेतला आणि थेंब थेंब सोडत गेलो. नाना कापसानं टिपत होते. माझ्या विभागात समुद्रातून आलेली, कोणी विकत न घेतलेली ही एकच वसाहत, आणि ती मी माझ्या हातानं फसफसवत होतो. पण तेव्हा त्याचं वाईट वाटायला मनात जागा नव्हती. घराला घर लागून उभी राहिलेली ती वस्ती फेसात जात होती आणि खालून ठिपके वर येत होते.

आधी 'सु' आला. मग 'मे'. अक्का टेबलाची कड धरून उभ्या होत्या. शेवटच्या अक्षरावर गुंता सगळ्यात जाड होता. मी थांबलो. तिघांनाही माहीत होतं आता काय बघायचं आहे. 'ध' असेल तर तांब्या कॉलनीतल्या दुसऱ्या कोणा सुमेधचा. त्याच्या आईवर काय येईल याचा विचार त्या क्षणी आमच्यापैकी कोणीच केला नाही. 'द' असेल तर जगात तो एकच.

'ध'ची डावीकडची शिरोरेघ तुटलेली असते. तुमच्याआमच्या ध्यानात येत नाही, पण अक्षरं तपासण्यात जन्म गेलेल्याला ते आधी दिसतं. मी थेंब सोडत होतो आणि रेघेकडे बघत होतो. आयुष्यभर मुलांच्या चुका शोधल्या. चूक सापडली की हातातली लाल पेन्सिल खूश व्हायची. त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं की हे नाव शुद्ध निघावं. दुकानातल्या त्या पोराला थोडं लिहितावाचता येत असावं.

रेघ तुटली नाही. सरळ पुढे आली. तिच्याखाली 'द'चं पोट आलं, मग शेपटी.

"मीच सांगेल व्हतं," अक्का म्हणाल्या. "दुकानवालाले मीच सांगेल व्हतं, सुमेद."

त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं. त्यावर आम्ल होतं, मी हात धरून बोट नळाखाली धुतलं. त्या लहान मुलीसारख्या धुऊ देत होत्या. मग टेबलापाशी बसल्या आणि रडल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा, असं नानांनी मला नंतर सांगितलं.

निघताना अक्का पुढे रिक्षात बसल्या, तेव्हा व्हरांड्यात नाना थांबले. म्हणाले, "सर, माझी सगळी नोकरी वॉटर ट्रीटमेंटला गेली. क्षार कसा असतो ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. हा क्षार नव्हता."

"मग मला कशाला विचारलंत?"

"मी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बाप असून पोराला मारतोस. तुम्ही परके. तुमच्यावर रागावली असती तरी चाललं असतं."

माझ्याकडे नाव होतं, ते मी दिलं होतं. टिप्पणी लिहायची तर शब्द सुचेना, आणि घंटाही वाजत नव्हती.

द्रावणातला तो तुकडा मी ठेवून घेतला होता. त्याची स्लाइड केली. स्लाइडवर नावाखाली ठिकाण लिहावं लागतं, त्याशिवाय शास्त्रात त्या नमुन्याला किंमत नाही. फिलोग्राना असं लिहिलं, आणि ठिकाणाची ओळ कोरी ठेवली. काय लिहिणार? समुद्र? माझ्यानंतर विभागात कोणी पूर्णवेळ आलं नाही. मुलंही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कपाट उघडलं तर ती स्लाइड असेल, आणि ज्याच्या हाती लागेल तो ठिकाण नाही म्हणून बाजूला टाकील. नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच असेल.

पावसाळ्यात दीपनगरला सुमेधचं पुण्यानुमोदन झालं. मीही गेलो. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी सुमेधचा हेल्मेट घातलेला, हसरा फोटो, आणि त्याच्यापुढे पाणी भरलेला तो तांब्या. बाहेरून चिंचेनं घासून लख्ख केलेला, नाव लांबून वाचता येत होतं. तोंडाच्या आत मात्र पांढरा गुंता तसाच होता. तो अक्कांनी काढला नव्हता. का, ते मी विचारलं नाही.

वंदना झाल्यावर अक्कांनी मला धुळ्याहून आलेल्या त्यांच्या भावासमोर नेलं. म्हणाल्या, "हाई तेच सर. यास्नीच वळखं." भावानं विचारलं, काय नाव म्हणे त्या किड्याचं? अक्का क्षणभर आठवत थांबल्या. मग एकेक अक्षर जपून ठेवत म्हणाल्या, "फिलगरना." आणि माझ्याकडे वळल्या.

"बरोबर शे ना सर?"

"बरोबर आहे, अक्का," मी म्हटलं.